खंबातच्या आखातात जाणाऱ्या लहान होडीसाठी रेडिओ आणि बीकन: बडोदेकरांची पहिली खरेदी

बडोदे समुद्रकाठी नाही, पण समुद्र फार लांबही नाही. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलेल्यांनी पाहिलेलं असतं, भरती आली की पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडी होते. हे पाणी खंबातच्या आखाताचं. आपल्या मराठी मंडळींत दोघा-चौघांनी मिळून फायबरची छोटी होडी घ्यायचा विचार करणारे अधूनमधून भेटतात. कोणाला गळ टाकायचा असतो, कोणाला नुसतं पाण्यावर असायचं असतं. इंजिनाची चौकशी दहा ठिकाणी होते. रेडिओचा विषय मात्र “मोबाइल आहे की सगळ्यांकडे” या एका वाक्यात मिटतो. तो तिथे मिटू नये म्हणून हे लिहितो आहे.

दुकानात जाण्याआधी एक प्रश्न मनाशी पक्का करा: मी हे बटण दाबलं, तर पलीकडे ऐकणार कोण? रेडिओ, बीकन (संकटात आपोआप खूण पाठवत राहणारं यंत्र), ट्रान्सपॉन्डर (बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र), सॅटेलाइट फोन या सगळ्यांची निवड या एका प्रश्नावर ठरते. किंमत, कंपनी, स्क्रीनचा आकार हे सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: आपलं पाणी कोणतं ते ठरवा

आजवा सरोवर, महीचा वरचा भाग किंवा एखादा तलाव एवढंच तुमचं क्षेत्र असेल, तर सागरी रेडिओ घेऊ नका. तिथे तो ऐकणारं कोणी नाही. तिथे हवं ते म्हणजे प्रत्येकाच्या अंगात नीट बांधलेलं लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल आणि काठावर तुमची वाट पाहणारं माणूस. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हती. काठ नजरेसमोर होता. त्या दिवशी कोणतंही यंत्र उपयोगी पडलं नसतं, जॅकेट पडली असती. म्हणून ज्यांच्याकडे जॅकेट पुरेशी नाहीत त्यांनी पुढचं वाचण्याआधी ती आणावीत.

आखातात जाणार असाल तर गोष्ट वेगळी. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भारताच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे. भावनगरच्या बाजूला मोठ्या उधाणाला तो १० मीटरच्या आसपास जातो. पाणी गढूळ, वाळूचे आणि चिखलाचे पट्टे जागा बदलणारे. २०१७ मध्ये सुरू झालेली घोघा-दहेज फेरी सेवाही गाळापुढे टिकली नाही. आणि प्रवाह एवढा की ५ नॉटच्या ओढीत इंजिन बंद पडलेली होडी तासाभरात ९ किलोमीटर वाहून जाते. म्हणजे “आम्ही दहेजसमोर आहोत” असं घरी कळवून फोन बंद पडला, तर दोन तासांनी तुम्हाला दहेजसमोर शोधणाऱ्यांना तिथे कोणीच सापडणार नाही. इंजिन बंद पडलं की आधी नांगर टाका आणि मग रेडिओ उचला, हा क्रम इथल्या पाण्यात सोडू नका.

मोबाइल न्यायचाच आहे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक त्यात साठवून ठेवा. रेंज असेल तिथे ते लागतात. पण मोबाइल ज्याला लावाल त्या एकालाच ऐकू जातो. शेजारून अर्ध्या मैलावरून जाणाऱ्या मच्छीमाराला तुमच्या फोनचा काहीही पत्ता नसतो, आणि बहुतेक वेळा सर्वांत आधी पोहोचू शकेल असा तोच असतो.

दुसरी पायरी: व्हीएचएफ रेडिओ

सागरी व्हीएचएफ, म्हणजे बोटींवरचा बोलण्याचा रेडिओ, १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा जगभर संकटाचा आणि हाक मारण्याचा चॅनेल. जहाजं, बंदरं, तटरक्षक दलाची गस्ती जहाजं तो ऐकत असतात. चॅनेल ७० वर बोलायचं नसतं. तो डीएससीसाठी, म्हणजे एका बटणाने संकटाची खबर आपोआप पाठवणाऱ्या डिजिटल संदेशांसाठी, राखलेला आहे.

इथे नवख्यांकडून होणारी सर्वांत मोठी गल्लत म्हणजे ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकी-टॉकी. परवान्याशिवाय वापरता येणारे संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालतात. ट्रेकला ठीक, समुद्रात त्या पट्टीवर कोणीही ऐकत नाही. दुसरे असतात ते हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे चिनी संच. ते १५६.८ वर लागतात खरे, पण पाण्यात टिकत नाहीत, डीएससी नसतं आणि या कामासाठी त्यांना मान्यता नसते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे संच फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती न देता विकल्याबद्दल १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा पाठवल्या होत्या. वेबसाइटवर “मरीन” लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण मान्यता आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी मागा.

आता हातातला संच की होडीत बसवायचा? हातातला ५-६ वॉटचा असतो, बसवलेला २५ वॉटचा. पण वॉटच्या मागे लागू नका, कारण व्हीएचएफची पोच ठरते अँटेनाच्या उंचीवर. दोन्ही अँटेनांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरजेला २.२५ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. होडीत बसून हातातला संच तोंडाशी धरला तर उंची सुमारे १ मीटर. समोरच्या मच्छीमार बोटीची अँटेना ४ मीटरवर असेल, तर पोच पावणेसात सागरी मैल, म्हणजे साडेबारा किलोमीटर. दोन्हीकडे हातातलेच संच असतील तर साडेचार मैल. तुमच्या होडीवर ४ मीटर उंचीवर अँटेना असेल आणि किनाऱ्यावर ६४ मीटरचा मनोरा, तर साडेबावीस मैल, जवळजवळ ४२ किलोमीटर. हे कागदावरचे आकडे. लाटांत आणि हलत्या होडीत त्यातून बरीच वजाबाकी धरा. घोघा ते दहेज पाण्यावरून सुमारे ३१ किलोमीटर आहे. आखाताच्या मध्यावर पाण्यालगत बसून हातातल्या संचावर मारलेली हाक कोणत्याही काठावर पोहोचेल याची खात्री धरू नका. तिथे तुमचे श्रोते म्हणजे आसपासच्या बोटी आणि जहाजं.

माझं मत असं: काठ दिसत राहील एवढंच जाणार असाल तर हातातला एक चांगला संच पुरे, पण तो डीएससी आणि अंगचा जीपीएस असलेलाच घ्या. त्यापुढे जाणार असाल तर बसवलेला संच हवाच, आणि हातातला संच त्याच्या जोडीला. होडी उलटली किंवा बॅटरीत पाणी शिरलं की बसवलेला संच त्याच क्षणी गेला.

हातातला घेताना तो पाण्यावर तरंगतो का ते विचारा. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. त्याहून कमी दर्जाचा घेऊ नका. ओल्या हाताने, जॅकेट अंगात घालून बटणं दाबता येतात का, हे दुकानातच करून बघा. साध्या अल्कलाइन सेलवर चालवायची सोय असलेला मिळाला तर उत्तम, कारण रिचार्जची बॅटरी आठवडाभर कपाटात पडून नेमकी सकाळी उतरलेली सापडते.

बसवलेल्या संचात पैसा अँटेना आणि केबलवर खर्च करा. डुलणाऱ्या लहान होडीला ३ डीबीची अँटेना मला योग्य वाटते (अँटेना लहर किती एकवटते त्याचं माप म्हणजे डीबी). ६ किंवा ९ डीबीची अँटेना लहर चपटी करून लांब फेकते, पण होडी कलली की ती लहर आकाशात किंवा पाण्यात जाते. बारीक आरजी-५८ केबल लांब ओढली तर बरीच शक्ती केबलमध्येच विरते; जाड केबल घ्या आणि जोड मिठापासून बंद करा. २५ वॉटवर बोलताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५-६ अँपिअर ओढले जातात, म्हणून वायर बॅटरीपासून थेट, फ्यूज लावून. स्पीकर होकायंत्रापासून हातभर दूर ठेवा. आणि जीपीएस जोडलेला आहे का ते स्क्रीनवर अक्षांश-रेखांश दिसतात का यावरून तपासा. तो जोडलेला नसेल तर लाल बटण संकटाची खबर देईल, पण ठिकाण सांगू शकणार नाही.

ते लाल बटण झाकणाखाली असतं. झाकण उघडून सुमारे ५ सेकंद दाबून धरलं की तुमचा ९ अंकी एमएमएसआय क्रमांक (होडीच्या रेडिओची ओळख), ठिकाण आणि वेळ आसपासच्या सगळ्या डीएससी संचांवर जाते आणि तिथे मोठ्याने घंटी वाजते. पण लहान मासेमारी बोटींवर डीएससी असेलच असं नाही. म्हणून बटण दाबून थांबू नका, लगेच १६ वर तोंडाने बोला.

तिसरी पायरी: परवाना आणि क्रमांक

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. सागरी रेडिओसाठी डब्ल्यूपीसीचा परवाना लागतो. अर्ज सरल संचार पोर्टलवरून. होडीच्या नोंदणीचे कागद आधी तयार ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एमएमएसआय रीतसर मिळवा. भारतीय क्रमांकाची सुरुवात ४१९ ने होते. इंटरनेटवर पाहून कोणताही क्रमांक भरून ठेवू नका. पुष्कळ संचांत तो एक-दोनदाच टाकता येतो, आणि चुकीचा क्रमांक म्हणजे शोधणाऱ्यांच्या हाती भलत्याच बोटीची माहिती.

बडोद्यात जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी अमेरिकेत किंवा कॅनडात आहे. “दादा दिवाळीला येतोय, त्याच्याकडून मागवू” हा विचार सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजरच्या बाबतीत अजिबात करू नका. थुराया आणि इरिडियम या उपग्रह-सेवांचे संच परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. गार्मिनचा इनरीच हा मेसेंजर इरिडियमवरच चालतो. तो सामानात सापडल्याने परदेशी प्रवाशांना भारतातल्या विमानतळांवर पोलिसांना सामोरं जावं लागलं आहे. दादाला अडचणीत आणू नका.

चौथी पायरी: बीकन

रेडिओ जवळच्यांना हाक मारतो. आसपास कोणीच नसेल तर? तिथे ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन लागतं. ते कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह व्यवस्थेशी बोलतं. १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी ती उभारायला घेतली. शीतयुद्धाच्या काळात हे चौघे एकत्र बसले ही गोष्ट मला आजही थक्क करते. भारतात या व्यवस्थेचं नियंत्रण केंद्र बंगळूरला इस्रोच्या इस्ट्रॅकमध्ये आहे. बीकन चालू झालं की खबर बंगळूरला, तिथून तटरक्षक दलाच्या शोध-बचाव समन्वय केंद्राकडे. पश्चिम किनाऱ्याचं केंद्र मुंबईला.

बीकन साधारण दर ५० सेकंदांनी एक छोटा संदेश सोडत राहतं. आखातातल्या प्रवाहात हेच मोलाचं, कारण तुम्ही वाहत गेलात तरी ठिकाण ताजं राहतं. मात्र अंगचा जीपीएस असलेलंच बीकन घ्या. तो असेल तर ठिकाण सुमारे १०० मीटरच्या आत कळतं. नसेल तर काही किलोमीटरचा घेर उरतो. जुनं, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारं बीकन कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती पट्टी ऐकत नाहीत. नव्या बीकनमध्ये १२१.५ असतंच, पण ते जवळ आलेल्या हेलिकॉप्टरला किंवा जहाजाला शेवटचा माग काढण्यासाठी.

यात दोन प्रकार. ईपर्ब होडीचा: आकाराने मोठा, पाण्यात सरळ तरंगतो, किमान ४८ तास चालतो आणि कंसातून सुटून पाण्यात पडला की आपोआप सुरू होतो. पीएलबी माणसाचा: खिशात मावणारा, किमान २४ तास चालणारा, पण हाताने सुरू करावा लागणारा, आणि अँटेना आकाशाकडे धरून ठेवावी लागणारा.

पुस्तकी सल्ला आधी ईपर्ब असा असतो. उघड्या, केबिन नसलेल्या छोट्या होडीसाठी मी उलट सांगेन: आधी पीएलबी, आणि तो होडी चालवणाऱ्याच्या जॅकेटला बांधलेला. अशी होडी बुडण्याआधी बहुतेक वेळा उलटते, तीही क्षणात. बाकाखालच्या खणात ठेवलेला ईपर्ब त्या वेळी होडीच्या पोटात अडकतो आणि तुम्ही बाहेर पाण्यात असता. पाण्याच्या दाबाने, दीड ते चार मीटर खोलीवर, आपोआप सुटणारा कंस मोठ्या बोटींना उत्तम. पालथी होऊन तरंगत राहिलेल्या होडीत तो दाब येतच नाही. केबिनची होडी असेल, रात्रीचा प्रवास असेल, किंवा सौराष्ट्राच्या किनाऱ्याने दीवपर्यंत जायचा बेत असेल, तर ईपर्बही घ्या आणि तो हाताशी, उघड्यावर बसवा.

आता अलंगबद्दल, कारण आपल्याकडे हा मोह मोठा आहे. मोडीत निघालेल्या जहाजांचं फर्निचर, भांडी, दोर अलंगच्या बाजारातून खुशाल आणा. तिथून ईपर्ब मात्र आणू नका. त्याच्या आत त्या जहाजाची ओळख कोरलेली असते, बॅटरी मुदतीबाहेर गेलेली असू शकते, आणि तुम्ही तो चालवलात तर जगाच्या नकाशावर तुटून गेलेलं एक जहाज बुडताना दिसतं. ती ओळख अधिकृत विक्रेत्याकडून बदलून घेणं आणि नवी बॅटरी, यात नव्याएवढाच व्याप होतो. जहाजावरचे रेडिओही बहुधा २४ व्होल्टचे असतात. तुमची बॅटरी १२ ची. परदेशातून आणलेल्या पीएलबीचंही तसंच. त्यात तिथल्या देशाचा क्रमांक असतो आणि तुमची माहिती शोधायला बंगळूरला दुसऱ्या देशाचं दार ठोठवावं लागतं.

मासेमारीसाठी नोंदलेली बोट असेल तर मत्स्य विभागात दोन गोष्टींची चौकशी करा. एक, इस्रोने बनवलेला संकट-संदेश ट्रान्समीटर, ज्याला मच्छीमार डॅट म्हणतात. तो २०१० पासून वापरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये “संदेश मिळाला” अशी पोच बोटीवर परत येते. पाण्यात अडकलेल्याला त्या पोचीने केवढा धीर येत असेल! दुसरी, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झालेली बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची केंद्राची योजना.

पाचवी पायरी: नोंदणी करा आणि घरच्यांना तयार करा

बीकन विकत घेतलं, खणात ठेवलं, नोंदणी राहिली, असं करू नका. बीकनवर १५ अक्षर-अंकांची एक ओळख छापलेली असते. ती बंगळूरच्या केंद्राकडे होडीचा रंग, लांबी, माणसांची संख्या आणि संपर्काच्या फोनसह नोंदवा. बीकन वाजलं की बंगळूर किंवा मुंबईहून कोणीतरी त्या फोनवर विचारणार: “ही होडी खरंच बाहेर आहे का? किती जण आहेत?” हल्ली अनोळखी नंबर सगळेच कापतात. म्हणून ज्यांचा नंबर द्याल त्या वहिनींना किंवा आईंना बसवून समजावून सांगा की तुम्ही पाण्यावर असाल त्या दिवशी प्रत्येक फोन घ्यायचा. त्यांच्याकडे एक कागद ठेवा: कुठून निघालो, कोण कोण आहोत, किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून १५५४ ला फोन करायचा. फोन बदलला, होडी विकली, तर नोंदणी बदला.

सहावी पायरी: बोलायचा सराव

निघण्याआधी धक्क्यावरच्या तांडेलांना विचारा, “भाई, तमे रेडियो कई चेनल पर राखो छो?” एकमेकांशी बोलायला ते कोणता चॅनेल वापरतात हे ठाऊक असेल तर तुमचे श्रोते वाढतात. पण तुमचा संच १६ ऐकतच राहिला पाहिजे. त्यासाठी दोन चॅनेल एकाच वेळी ऐकायची सोय चालू ठेवा. १६ वर गप्पा मारू नका. हाक मारा, उत्तर आलं की ७२ सारख्या कामाच्या चॅनेलवर जा.

जिवाला धोका असेल तर मेडे, धोका तातडीचा नसेल पण मदत हवी असेल तर पॅन-पॅन, दोन्ही तीनदा. इंग्रजी अडखळत असेल तर हिंदीत बोला, तटरक्षक दलाला ते कळतं. असं काहीतरी: “मेडे, मेडे, मेडे. यह नाव विश्वामित्री, विश्वामित्री, विश्वामित्री. पोज़िशन २१ डिग्री ४० मिनट उत्तर, ७२ डिग्री २५ मिनट पूर्व, दहेज से पश्चिम करीब छह मील. पानी भर रहा है. चार आदमी, सब लाइफ जैकेट में. तुरंत मदद चाहिए. ओवर.” मग बटण सोडा आणि ऐका. बटण दाबून धरलं तर समोरच्याचं उत्तर तुम्हाला ऐकूच येत नाही, आणि घाबरलेला माणूस बटण सोडायला विसरतो. आपल्या होडीच्या नावाने हा मजकूर लिहून, प्लॅस्टिक चढवून संचाशेजारी चिकटवा. होडीतल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, तो एकदा मोठ्याने वाचलेला असावा. चालवणाराच पाण्यात पडला तर बोलणार तेच आहेत.

त्या पडलेल्या माणसासाठी एआयएसवर, म्हणजे जहाजं एकमेकांना आपली ओळख आणि ठिकाण रेडिओने कळवतात त्या व्यवस्थेवर, चालणारं छोटं बीकनही मिळतं. जॅकेटमध्ये बसतं आणि आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर ९७२ ने सुरू होणारा क्रमांक दाखवतं. चांगली गोष्ट आहे, पण ते उपग्रह-बीकनची जागा घेत नाही. ते फक्त जवळच्यांना दिसतं. तुमच्या स्वतःच्या होडीवर एआयएस दाखवणारा पडदा असेल तर त्याचा खरा उपयोग. लहान होडीच्या पहिल्या खरेदीत मी ते धरणार नाही. त्याआधी मुदतीतले फ्लेअर, नारिंगी धूर आणि एक चांगली टॉर्च घ्या. हेलिकॉप्टर जवळ आल्यावर वैमानिकाच्या डोळ्यांना काहीतरी दिसावं लागतं.

सातवी पायरी: देखभाल आणि खोटा इशारा

ईपर्ब आणि पीएलबीची महिन्यातून एकदा फक्त सेल्फ-टेस्ट बटणाने चाचणी घ्या, तीही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. “खरंच चालतं का बघू” म्हणून ते चालू करायचं नाही. बॅटरीची मुदत अंगावर छापलेली असते. आपोआप सुटणाऱ्या कंसाचा दाबावर चालणारा भाग दर दोन वर्षांनी बदलावा लागतो. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवशी या तारखा वाचायची सवय लावली तर त्या चुकत नाहीत. मुदत संपलेलं बीकन भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी काढवून, नोंदणी रद्द करूनच त्याची विल्हेवाट लावा, नाहीतर ते कुठल्यातरी गोदामातून हाका मारत राहतं.

आणि चुकून बीकन चालू झालंच तर? मुलाने खेळताना ओढलं, गाडीच्या डिकीत पाणी लागलं, काहीही झालं असेल. घाबरून ते गुपचूप बंद करून ठेवू नका. बंद करा आणि लगेच १५५४ वर कळवा: बीकनची १५ अक्षरांची ओळख, तुम्ही कुठे आहात, आणि सगळे सुखरूप आहेत. डीएससीचं लाल बटण चुकून दाबलं गेलं तर संचावर तो इशारा रद्द करा आणि १६ वर बोलून सांगा की इशारा चुकून गेला. तुमच्या त्या एका निरोपाने निघालेलं जहाज किंवा हेलिकॉप्टर खऱ्या संकटातल्या माणसासाठी मोकळं होतं.